पाणी आणून देणारी मुले : आजारी बालकाची भावंडे आणि आपले साहित्य

काही वर्षांपूर्वी आमची एक कथा एका वार्षिकात छापून आली होती. थॅलेसेमिया झालेल्या मुलाची ती कथा. तिला बरी पत्रे आली. एका ज्येष्ठ वाचकाने आईच्या सब्राचे चित्रण मनाला भिडले असे आवर्जून कळवले. ते पत्र आम्ही बरेच दिवस खिशात घेऊन फिरलो. कथेची सामग्री आम्ही घरातूनच उचलली होती. आमच्या बहिणीचा धाकटा मुलगा या आजाराचा. अंधेरीहून त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला न्यावे लागे. त्याची थोरली बहीण तेव्हा नववीत होती. तिने कथा वाचली, अंक मिटून ठेवला आणि विचारले, "मामू, सगळ्या गोष्टीत मी फक्त दोनदा पाणी आणून देते?"

आम्ही कथा पुन्हा उघडून पाहिली. तिचे म्हणणे खरे होते. एकदा ती आईला पाणी देते, एकदा भेटीला आलेल्या पाहुण्यांना. आम्ही तिला नावही दिले नव्हते.

हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. आजारी मूल हा विषय मराठी साहित्याला आणि चित्रपटाला अपरिचित नाही. त्या मुलाच्या आईवडिलांची, आजोबांची, डॉक्टरांची व्यथा लिहिली गेली आहे, पडद्यावर आली आहे. पण त्याच घरात तेरा ते एकोणीस वर्षांची जी भावंडे असतात, त्यांचे काय होते? हे शोधायला गेलो तर हाती फार थोडे लागते. मुस्लिम मराठी साहित्याच्या संदर्भात ही उणीव आम्हाला अधिक बोचते. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आमच्या जगण्याविषयी इतरांनी बोलावे आणि आम्ही ऐकत बसावे हे चालणार नाही, असे आपण तेव्हापासून सांगत आलो. तोच न्याय घराच्या आतल्या माणसांना लावायचे मात्र राहून गेले.

*

आधी वस्तुस्थिती पाहू. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि तेही जन्मभर. त्या रक्तातून शरीरात लोह साचत जाते. ते बाहेर काढण्यासाठी रोजची औषधे वेगळी. लहान मुलांमध्ये नेहमी आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. म्हणजे थोरले भावंड आठवीत असताना सुरू झालेला उपचार त्याची दहावीची परीक्षा गाठतो. एवढा काळ घराचे कॅलेंडर आजारी मुलाच्या तारखांनी भरलेले असते. बाकीच्यांचे वाढदिवस, युनिट टेस्ट, शाळेची सहल या गोष्टी त्या तारखांच्या मधल्या फटीत बसवाव्या लागतात.

उपनगरातले आपले घर कसे असते हे वाचकांना सांगायला नको. जोगेश्वरीची चाळ असो, घाटकोपरच्या असल्फ्याच्या टेकडीवरची खोली असो किंवा मालवणीतले घर असो, आजारी मुलाला वेगळी खोली मिळणे अवघडच. संसर्गाची भीती, म्हणून भावंडाला महिना महिना खालाकडे किंवा फुफीकडे पाठवतात. तिथून त्याची शाळा दूर पडते. घरात राहिले तर मुलीच्या वाट्याला स्वयंपाक आणि धाकट्यांचे आवरणे येते, आणि मुलाच्या वाट्याला धावपळ. रक्तपेढीच्या खिडकीपाशी उभे राहणे, झेरॉक्स काढणे, मदत देणाऱ्या ट्रस्टांच्या कार्यालयांत अर्ज नेऊन देणे. रमजानात आजारी मुलाला रोजा माफ असतो. सोळा वर्षांचा भाऊ मात्र रोजा ठेवून बोरिवलीच्या लोकलमध्ये उभा असतो आणि हातातली रिपोर्टांची पिशवी चुरगळू नये म्हणून छातीशी धरतो.

एवढे करूनही त्याला नेमके काय चालले आहे ते कोणी सांगत नाही. "हिला सांगू नका, हिची दहावी आहे." मोठी माणसे हलक्या आवाजात बोलतात, आणि दहा बाय पंधराच्या खोलीत हलका आवाजही ऐकू येतो. मुले अर्धे ऐकतात आणि उरलेले अर्धे स्वतःच्या भीतीने भरून काढतात. आपण त्याला ढकलले होते, म्हणून तर हे झाले नसेल? आपल्यालाही होईल का? यात हेवाही मिसळलेला असतो. ईदला त्याला महागडे खेळणे आणि आपल्याला गेल्या वर्षीचाच शर्ट. हेव्याच्या पाठोपाठ स्वतःची घृणा येते, कारण ज्याचा हेवा केला तो रात्री उलट्या करत असतो. काही मुलांचे डोके किंवा पोट दुखू लागते, काहींचे अभ्यासातले लक्ष उडते, काही एकाएकी फार शहाणी होतात. अशा मुलांमध्ये समज आणि करुणाही वाढते, हे खरे आहे. पण शहाणपण लवकर आलेले मूल सुखी आहे असे धरून चालणे ही मोठ्यांची सोय आहे. 2015 साली अमेरिकेत बालकर्करुग्णांच्या मानसिक आणि सामाजिक देखभालीची पंधरा मानके प्रसिद्ध झाली. त्यांतले एक मानक खास भावंडांविषयी आहे. वैद्यकशास्त्राला जे लिहून ठेवावेसे वाटले, ते साहित्याला सुचायला हरकत नव्हती.

*

मराठी रसिकाला आजारी मूल म्हटले की 'श्वास' आठवतो. संदीप सावंत यांचा हा चित्रपट 2004 साली आला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि भारतातर्फे तो ऑस्करसाठी गेला. डोळ्यांच्या कर्करोगाने ग्रासलेला छोटा परशुराम, त्याचे आजोबा, डॉक्टर आणि रुग्णालयातली समाजसेविका एवढ्यांची ही चौकट आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि हे मुलाला सांगायचे कसे, हा प्रश्न चित्रपटाने फार प्रामाणिकपणे हाताळला. मुलाशी खरे बोलले पाहिजे, असा आग्रह त्यात आहे. आम्ही त्याचे मोल कमी लेखत नाही. पण पुढचे पाऊल कोणी टाकले नाही. आजारी मुलाला खरे सांगायला हवे हे आपण 'श्वास'पासून शिकलो. त्याच्या भावंडाला खरे सांगायला हवे, हे सांगणारा 'श्वास' अजून व्हायचा आहे.

त्याच वर्षी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला. स्किझोफ्रेनियाने ग्रस्त भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण त्यात आहे. बहिणीची ओढाताण, तिच्या संसारावर पडणारा भार दिग्दर्शकांनी दाखवला. पण ती वयाने मोठी झालेली, आपले निर्णय स्वतः घेणारी स्त्री आहे. चौदा वर्षांच्या बहिणीला निर्णय नसतात. तिला फक्त कामे असतात.

हिंदीत 2019 साली शोनाली बोस यांचा 'द स्काय इज पिंक' आला. जन्मजात प्रतिकारशक्तीच नसलेल्या आयशा चौधरी या मुलीची ही सत्यकथा. ती 2015 साली अठराव्या वर्षी गेली. चित्रपटात मृत आयशाच गोष्ट सांगते. तिच्या उपचारासाठी आई तिच्याबरोबर लंडनला राहते आणि थोरला भाऊ वडिलांबरोबर दिल्लीत. भाऊ प्रेमळ आहे, पडद्यावर दिसतोही. पण गोष्ट आहे आईवडिलांच्या सहजीवनाची. आईविना दिल्लीत काढलेल्या त्या वर्षांत मुलाच्या मनात काय साचले, याच्या उंबरठ्यापर्यंत चित्रपट जातो आणि तिथून परततो.

इंग्रजीत हा विषय थेट हाताळलेली दोन पुस्तके वाचकांना माहीत असतील. आर. जे. पालासिओ यांच्या 'वंडर' (2012) या कादंबरीत चेहऱ्याची जन्मजात विकृती असलेल्या मुलाची बहीण व्हिया हिला स्वतःच्या आवाजातले प्रकरण दिले आहे. नव्या शाळेतल्या नाटकाविषयी ती घरी बोलत नाही, कारण भाऊ आला की सगळे त्याच्याकडेच पाहणार. ही लपवाछपवी लेखिकेने क्षमायाचना न करता लिहिली आहे. व्हिया वाईट मुलगी ठरत नाही आणि संतही ठरत नाही.

जोडी पिको यांची 'माय सिस्टर्स कीपर' (2004) याहून धाडसी वाटते. रक्ताचा कर्करोग झालेल्या थोरल्या बहिणीला उपयोगी पडावी म्हणून जुळवून जन्माला घातलेली ॲना तेराव्या वर्षी कोर्टात जाते आणि म्हणते की माझ्या शरीरावर माझा हक्क आहे. भाऊ जेस्सी कुणाच्याच उपयोगाचा नाही, म्हणून कुणाच्या नजरेतही नाही. तो आगी लावत फिरतो. इथवर कादंबरी अस्सल आहे. पण पुढे कळते की ॲनाने हा दावा आजारी बहिणीच्याच इच्छेसाठी लावला होता. निकाल तिच्या बाजूने लागतो, आणि मग अपघात होऊन ती दगावते. तिची किडनी बहिणीला मिळते. म्हणजे निरोगी मुलीचा नकारही अखेर त्यागच ठरतो. तिने स्वतःसाठी 'नाही' म्हटले असते, तर वाचकाने तिला माफ केले असते का? लेखिकेने ही परीक्षा टाळली, असे आम्हाला वाटते.

*

ॲनाची गोष्ट आपल्यापासून दूरची नाही. 1983 साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी घाटकोपरमध्ये वाढलेले, लहानपणी पोलिओ झाल्याने चाकाच्या खुर्चीवरून काम करणारे. त्या काळी अशा उपचारासाठी जुळणारे सख्खे भावंड हाच मुख्य आधार असे. आज इतर वाटाही निघाल्या आहेत, तरी सख्ख्या भावंडाकडेच आधी पाहिले जाते. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बोरिवली पूर्वेला आता मुंबई महानगरपालिकेचे थॅलेसेमिया, बालकर्करोग आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे स्वतंत्र केंद्र आहे. ज्या कुटुंबांना पूर्वी हा उपचार स्वप्नात परवडला नसता, त्यांना तो उपनगरातच दिसू लागला, ही मोठीच गोष्ट. 2020 साली अहमदाबादेत थॅलेसेमियाच्या मुलासाठी, त्याच्याशी जुळेल असे भ्रूण निवडून जन्माला आलेल्या धाकट्या बहिणीची मज्जा दिल्याची बातमीही आपण वाचली.

मज्जा देणाऱ्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून ती काढतात. काही दिवस दुखते, काही आठवड्यांत ती भरून येते. वैद्यकीय अर्थाने धोका थोडा. आमचा प्रश्न दुसरा आहे. दाता अठरा वर्षांखालचा असेल तर त्याच्या वतीने संमतीची सही आईवडील करतात, आणि रुग्णाच्या कागदावर सही करणारेही तेच. एकाच हाताच्या या दोन सह्यांमध्ये दात्याला विचारले गेले का? त्याने आनंदाने होकार दिला असेल, बहुतेक मुले देतातच. पण जिला विचारलेच नाही तिचा होकार कसा ओळखायचा? आणि प्रत्यारोपण फसले तर 'माझ्याच रक्तात काही कमी होते' हे ओझे ती कुणाजवळ उतरवेल? शिवाय चाचणीत ज्याची मज्जा जुळली नाही ते तिसरे भावंड घरी येऊन काय करते? या एका चाचणीच्या निकालाच्या दिवशी एका घरात निदान तीन कथा असतात. आम्ही मराठीत त्यांतली एकही वाचलेली नाही.

थॅलेसेमियाच्या घरात आणखी एक प्रश्न दबलेला असतो. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे बोलीभाषेत 'मायनर', असतील तर दर खेपेला मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, आणि वाहक होण्याची चारात दोन. त्यामुळे वरून ठणठणीत दिसणारे भावंड स्वतः वाहक असण्याची शक्यता तीनात दोन निघते. जवळच्या नात्यात निकाह झाले तर दोघेही वाहक निघण्याचा संभव वाढतो. तपासणी साधी आहे, रक्ताची. पण घरात मुलगी असेल तर रिश्ते येणार नाहीत या धास्तीने भावाचा आजारच झाकला जातो, मग तिची तपासणी कुठली! तिच्या शरीराविषयीची माहिती तिच्यापासून लपवली जाते आणि तिला सांगतात की हे तुझ्याच भल्यासाठी आहे.

*

आम्ही पाहिलेल्यांत या विषयाला सर्वांत निर्भयपणे भिडलेली कलाकृती मुंबईची नाही, मराठीही नाही. ती इराणी कुर्द दिग्दर्शक बहमन घोबादी यांची 'अ टाइम फॉर ड्रंकन हॉर्सेस'. 2000 साली कान महोत्सवात तिला पहिल्या चित्रपटाचा पुरस्कार विभागून मिळाला. इराण आणि इराकच्या सीमेवरचे खेडे. आईवडील गेलेली भावंडे. वाढ खुंटलेला, औषध आणि इंजेक्शनांवर जगणारा मादी, आणि त्याच्या शस्त्रक्रियेसाठी शाळा सोडून बर्फातून तस्करीचा माल वाहणारा किशोरवयीन भाऊ. त्याचे नाव अय्यूब. हे नाव आपल्या कानाला लगेच जागे करते. हजरत अय्यूब (अ.) म्हणजे आजारपणातल्या सब्राचे प्रतीक. इथला अय्यूब आजारी नाही, आजाऱ्याचा भाऊ आहे. सब्र त्याच्या वाट्याला आले आहे, आणि त्याच्याजवळ ते नेहमी नसते. तो चिडतो, भांडतो, रडतो.

बहीण रोजिन मादीच्या शस्त्रक्रियेचा खर्च सासरचे करतील या बोलीवर निकाहाला तयार होते. वरात डोंगर ओलांडून जाते. नवऱ्याची आई मादीला घ्यायला नकार देते आणि त्याच्याऐवजी एक खेचर देऊन टाकते. घोबादी इथे पार्श्वसंगीत वाढवून तिच्या त्यागाची आरती करत नाहीत. एका मुलीच्या आयुष्याची किंमत एक खेचर ठरली, एवढे दाखवून पुढे जातात. त्याच चित्रपटात अय्यूब धाकट्या आमेनेहसाठी वही आणतो. त्या वहीला शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व देणारा दिग्दर्शक आम्हाला मोठा वाटतो.

हा चित्रपट पाहिल्यावर आमच्या कथेतला दोष उमगला. आम्ही सब्र हा शब्द मोठ्यांसाठी राखून ठेवला होता, आणि मुलांकडून तो फुकट वसूल केला होता. आपल्या लेखनात हे वरचेवर घडते. सब्र, कुर्बानी, मन्नत, शिफा हे शब्द आले की पात्राचे तोंड बंद होते. 'किती गुणी मुलगी, कधी तक्रार केली नाही' हे वाक्य तिच्या कौतुकाचे असते, आणि त्याच वाक्याने तिचा तक्रारीचा हक्कही जातो.

आपली परंपरा इतकी कंजूष नाही. कुरआनने हजरत यूसुफ (अ.) यांची कहाणी सर्वांत सुंदर म्हटली, आणि तिची सुरुवातच भावंडांच्या असूयेने होते. वडिलांना तो आमच्याहून प्रिय आहे, हे त्यांचे दुखणे. त्यांनी केले ते पापच. पण ते दुखणे कहाणीतून गाळलेले नाही. पुढे हजरत याकूब (अ.) यूसुफच्या आठवणीने रडून दृष्टी गमावतात, तेव्हा हीच मुले समोर उभी असतात. एका मुलाच्या दुःखात बुडालेला बाप आणि त्याच्यापुढे उभी असलेली उरलेली मुले, हे चित्र आपण किती वेळा ऐकले, पण उरलेल्या मुलांच्या बाजूने किती वेळा पाहिले? दुसरी कहाणी हजरत मूसा (अ.) यांच्या बहिणीची. आई बाळाला नदीत सोडते आणि तिला सांगते की त्याच्या मागे जा. ती दुरून, कुणाला कळू न देता, पाहत राहते. नेमक्या क्षणी पुढे होऊन ती त्याला आईच्या दुधापर्यंत परत आणते. कुरआनात तिचे नाव येत नाही. पण तिची नजर येते, तिची अक्कल येते. आणि नुअमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एकाच मुलाला देणगी देऊ केली, तेव्हा संततीत न्याय करा असे पैगंबरांनी (स.) बजावल्याची हदीस तर सर्वांना ठाऊक आहे. आजारी मुलाला औषध अधिक लागणार, वेळही अधिक लागणार. त्यात अन्याय नाही. पण ऐकून घेणे हेही देणेच आहे, आणि ते वाटून देता येते.

*

भाची आता कॉलेजात आहे. तिने स्वतःच रक्त तपासून घेतले. ती मायनर निघाली. अहवाल आईला दाखवण्याआधी तिने आम्हाला दाखवला आणि म्हणाली, "मला नववीतच कुणीतरी सांगायला हवं होतं." आम्ही काही बोललो नाही. सांगायला हवे होते त्यांत आम्हीही होतो.

ती जुनी कथा आम्ही पुन्हा लिहायला घेतली आहे, या वेळी तिच्या बाजूने. दोनदा अडलो. शेवटी तिलाच म्हटले की तूच लिही. मराठी तुझी चांगली आहे आणि अनुभव तर तुझाच आहे. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तो वाचेल ना, मामू."

या लेखातल्या सगळ्या टीकेला तिचे हे वाक्य अडवते, हे आम्हाला मान्य आहे. भावंडाचा राग लिहायचा तर तो आजारी मूल वाचणार. त्याला वाटेल की आपण ओझे होतो. प्रौढ लेखक या अडचणीतून पळवाट काढतो आणि भावंडाच्या हाती पाण्याचा ग्लास देऊन त्याला आत पाठवतो. आम्ही तेच केले. पण तिच्या भावाने आमची कथाही वाचली होती. तो तेव्हा सातवीत होता, आणि त्याने तिलाच विचारले होते, "आपा, यात तू कुठे आहेस?" म्हणजे त्यालाही ती हवी होती.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आपल्या वस्त्यांत अशी किती तरी मुले आहेत. त्यांतली काही हे वार्षिक वाचतात, काहींच्या घरी ते येते. त्यांनी लिहावे. कच्चे लिहिले तरी चालेल, रागाने लिहिले तरी चालेल, दोघा भावंडांनी मिळून लिहिले तर फारच उत्तम. आणि आपण जे मोठे लेखक म्हणवतो, त्यांनी आपली जुनी कथा एकदा उघडून पाहावी. तिच्यात पाणी कोण आणून देते ते शोधावे, आणि त्या मुलाचे नाव विचारावे.